तीन भाषांचं घर आणि एक सेट टॉप बॉक्स

गेल्या आठवड्यात रात्री साडेआठला शेजारच्या वहिनींनी जिन्यातूनच हाक मारली, "दादा, जरा येता का ओ, टीव्ही गेलाय." टीव्ही गेला म्हणजे टीव्ही बिघडला असं आमच्याकडे आता कुणी समजत नाही. मी गेलो तर आज्जी खाली भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. स्क्रीन निळा आणि मधोमध "नो सिग्नल". नातवानं टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटन दाबलं होतं, ते मी परत एव्हीवर आणलं, अर्ध्या मिनिटाचं काम, मालिका सुरू झाली. आज्जींनी वर बघितलं पण नाही, त्या टीव्ही बघत नाहीतच मुळी, ऐकतात, कारण डोळे विडीवर असतात. फक्त म्हणाल्या, "आधी एकच बटन होतं की ओ."

त्या वाक्यावर मी घरी येऊन बराच वेळ विचार करत बसलो. ॲनालॉग, म्हणजे बॉक्सशिवाय थेट टीव्हीत येणारी जुनी केबल, जाऊन सेट टॉप बॉक्सचं डिजिटल आलं त्याला आमच्या सोलापुरात बारा वर्षं होऊन गेली, एवढ्या वर्षांत माणूस कशालाही सरावतो, तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी हाक मारतंच. मग ही माणसं मठ्ठ आहेत की ज्यानं ही व्यवस्था केली त्यानं ह्यांचा विचारच केला नव्हता? माझं मत दुसरं आहे आणि ते मी जरा भांडूनच मांडणार आहे.

आधी एक मान्य करून टाकतो म्हणजे पुढं कुणी "तुम्हाला जुनं तेच सोनं वाटतं" असं म्हणायला नको. जुनं काही सोनं नव्हतं. गच्चीवरची अँटेना फिरवायला मी स्वतः चढलेलो आहे, खालून भाऊ ओरडायचा "आलं आलं... गेलं!", आणि वारं सुटलं की पुन्हा चढा. केबल आली तेव्हाही शेवटच्या घरापर्यंत सिग्नल पोचायचा तो असा मरतुकडा की हिरोच्या मागं हिरोचं भूत दिसायचं. एका तारेतून ॲनालॉगचे शंभरच्या आत चॅनल जायचे, जास्त बसायचेच नाहीत, आणि त्यातही चांगल्या जागी बसायला चॅनलवालेच उलट केबलवाल्याला पैसे मोजायचे. शिवाय कुणाकडं किती कनेक्शन आहेत हे फक्त केबलवाल्याला माहिती, वर सांगताना पाचशेचे शंभर व्हायचे, त्यामुळे सरकारचा करमणूक कर बुडायचा आणि चॅनलचेही पैसे बुडायचे. हे सगळं खरं आहे. डिजिटल करायला कारण होतं आणि चांगलं होतं. त्याच तारेतून एका जुन्या चॅनलच्या जागेत आठ-दहा चॅनल बसतात, चित्र स्वच्छ दिसतं, हिशोब लागतो. म्हणून २०११ साली केबलचा कायदा बदलला, टप्पे ठरले, दिल्ली-मुंबई-कोलकाता-चेन्नईची शेवटची तारीख पुढं ढकलत ३१ ऑक्टोबर २०१२ झाली, आणि दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं आली, त्यात पुणे, नाशिक, नागपूरच्या रांगेत आपलं सोलापूर होतं, ३१ मार्च २०१३. बाकी कुठल्या यादीत आपला नंबर एवढ्या लवकर लागत नाही, विमानाला किती वर्षं वाट बघितली ते आठवा, पण बॉक्स घ्यायच्या यादीत मात्र आपण पुढं.

आता माझं म्हणणं. ह्या बदलात फायदा कुणाकुणाला झाला ते वर आलंच, सरकारला कर मिळाला, चॅनलला पैसे मिळाले, मोठ्या केबल कंपन्यांना गिऱ्हाईक मोजता आलं. खर्च कुणी केला? बॉक्स आम्ही विकत घेतला, फॉर्म आम्ही भरले, ओळखपत्राच्या झेरॉक्स आम्ही दिल्या, दोन रिमोट चालवायला आम्ही शिकलो, आणि ज्यांना जमलं नाही त्यांनी शेजाऱ्याला हाका मारल्या. ज्याचा फायदा त्यानं खर्च करावा एवढा साधा व्यवहार इथं उलटा झाला, आणि बदल्यात आम्हाला जे मिळणार होतं, म्हणजे "जेवढं बघाल तेवढेच पैसे द्या", ते सोलापूरसारख्या गावात तर अगदीच उलटं पडलं. ते कसं ते सांगतो, पण आधी मार्च २०१३.

त्या महिन्यात टीव्हीवर खालून पट्टी सरकत असायची की बॉक्स बसवा नाहीतर प्रक्षेपण बंद होईल. कुणी खरं मानेना. आमच्या गल्लीत तर पैजा लागल्या होत्या, तारीख पुढं जाणार म्हणून. मग एक दिवस एकेक चॅनल जायला लागला, आधी सिनेमाचे, मग मालिकांचे, आणि त्या रात्री आमच्या केबलवाल्याच्या एका खोलीच्या ऑफिसबाहेर जी गर्दी झाली ती मी रेशनच्या दुकानाबाहेर पण बघितली नव्हती. बायका विड्या कारखान्यात देऊन परस्पर तिकडंच आलेल्या. बॉक्स संपले होते. ज्यांना मिळाले त्यांनी रोख मोजले आणि पावती कुणी मागितली नाही, दिली पण नाही. हाच कागद पुढं नडला, कारण वर्षभरानं बॉक्स बंद पडला तेव्हा "हा बॉक्स तुमचा की कंपनीचा" हा प्रश्न निघाला. पैसे भरलेत म्हणजे आमचा म्हणावं, तर दुसरीकडं वापरता येत नाही. कंपनीचा म्हणावं, तर दुरुस्तीचे पैसे आमच्याकडून. असा विचित्र मालकी हक्क मी दुसऱ्या कुठल्या वस्तूचा बघितलेला नाही.

दुसऱ्या देशात काय केलं बघा. अमेरिकेत ॲनालॉग बंद करायची तारीख १७ फेब्रुवारी २००९ होती, ती १२ जूनवर ढकलली, कारण सरकार घरटी चाळीस-चाळीस डॉलरची दोन कूपनं देत होतं बॉक्ससाठी आणि त्या कूपनांचे पैसेच कमी पडले, लोक वेटिंगवर राहिले, तेव्हा लोकांकडं बॉक्स नसताना बंद कसं करायचं हा विचार झाला. इंग्लंडमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या आणि अपंग माणसांसाठी वेगळी मदत योजना होती, माणूस घरी येऊन बॉक्स लावून दाखवून जायचा. आता कुणी म्हणेल ते श्रीमंत देश आहेत. बरं, मग तमिळनाडू घ्या, तिथं सरकारी अरसू केबलनं २०१७ पासून गिऱ्हाइकांना बॉक्स मोफत वाटले. आपल्याकडं महाराष्ट्रात असं काही करावं हे कुणाच्या डोक्यात पण आलं नाही, इथल्या पुढाऱ्यांनी बॉक्स वाटायचेच म्हटलं असतं तर निवडणुकीत साड्या वाटतात तसे वाटता आले असते, निदान उपयोगाचे तरी झाले असते.

दोन रिमोटची गोष्ट लोकांना हसण्यावारी न्यायची वाटते. माझ्या आईला मी बॉक्सच्या रिमोटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला होता, लाल म्हणजे चालू, आणि टीव्हीच्या रिमोटला अख्खा चिकटपट्टीनं गुंडाळून ठेवला, फक्त पॉवरचं बटन उघडं. असं प्रत्येक घरात काहीतरी आहे, प्लास्टिकची पिशवी, रबर बँड, सेल निघू नये म्हणून लावलेला कागदाचा बोळा. आईला आधी पाठ होतं, तीनवर सह्याद्री, नऊवर तिची मालिका, बारावर बातम्या. डिजिटल झाल्यावर तेच नंबर तीन आकडी झाले, नंतर चार आकडी, आणि ते पण कायमचे नाहीत, मधेच एखाद्या सकाळी कंपनीला वाटलं की सगळा क्रम बदलून मोकळे. माणसाच्या डोक्यात बसलेली गोष्ट आपण परस्पर हलवतोय हे त्यांना कळतच नसेल का? एसटी स्टँडवर फलाट बदलला तर निदान कंट्रोलरूममधून ओरडून सांगतात.

आणि स्थानिक चॅनल. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी, संक्रांतीला, नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं होमहवन, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना गर्दीत न जाता घरबसल्या केबलवर बघायला मिळायचं. कुठल्या भागाला कधी पाणी सुटणार हे पण खालच्या पट्टीवर यायचं, आणि ज्या गावात पाणी चार-पाच दिवसाआड येतं तिथं ही पट्टी म्हणजे साधी गोष्ट नाही. डिजिटल झाल्यावर हे चॅनल बंद झाले नाहीत, पण सापडेनासे झाले. शेकडो चॅनलच्या ढिगात कुठंतरी नऊशे कितीवर. शोधून दिला की पुढच्या महिन्यात हलला.

आता मुख्य मुद्दा, तो २०१९ चा. ट्रायनं, म्हणजे केबल-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नवीन दरपत्रक आणलं आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू केलं. सांगायला फार छान होतं. १३० रुपये नेटवर्कचे, त्यात शंभर चॅनल, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, ही झाली दाराची फी. मग आत जाऊन तुम्हाला हवे ते पैशाचे चॅनल निवडा, प्रत्येकाची किंमत छापलेली. बुकेत, म्हणजे एकत्र विकायच्या चॅनलच्या जुडीत, घालायचा असेल तर चॅनलची किंमत १९ च्या वर नको असा नियम, म्हणून बऱ्याच मोठ्या चॅनलनी नेमकी १९ च लावली, बाटाच्या चपलेसारखी. लोकांना वाटलं चला, आता नको ते क्रीडा, नको ते लहान मुलांचं, आपल्याला हवं तेवढंच.

हे गणित कुणासाठी बरोबर आहे? ज्या घरात एक भाषा बोलली जाते त्यांच्यासाठी. साताऱ्यात, सांगलीत एखादं घर मराठीचा एक बुके आणि हिंदीचा एक बुके घेईल, विषय संपला. सोलापूर तसं गाव नाही. इथं गिरण्या आल्या, माग आले, तेव्हा तेलंगणातून पद्मशाली समाज आला, तीन-चार पिढ्या झाल्या, घरात अजून तेलुगू आहे. अक्कलकोट, होटगीकडच्या घरात कन्नड आहे. उर्दू बोलणारी वस्ती मोठी आहे. आणि मराठी सगळ्यांची. माझ्या शेजारच्याच घरात आज्जीला तेलुगू मालिका लागते, वहिनींना मराठी, पोरांना कार्टून आणि वहिनींच्या नवऱ्याला हिंदी बातम्या आणि क्रिकेट. हे लाड नाहीत, ह्या घराची बोली अशी आहे. ॲनालॉगच्या काळात आमच्या केबलवाल्याला हे शिकवावं लागलं नव्हतं, त्याला माहीतच होतं, तो ह्याच गल्लीतला, त्यानं मराठीच्या शेजारी तेलुगू आणि तेलुगूच्या शेजारी कन्नड असे चॅनल लावलेले होते आणि महिन्याला दीडशे रुपयात सगळं यायचं. आम्ही कधी त्याला राष्ट्रीय एकात्मता वगैरे म्हणालो नाही पण होती ती तशीच.

नव्या पद्धतीत प्रत्येक भाषा म्हणजे वेगळी खरेदी झाली. मराठीचा बुके वेगळा, आणि तो पण एकच नाही, प्रत्येक चॅनल समूहाचा आपला वेगळा. तेलुगूचा वेगळा. कन्नडचा वेगळा. क्रीडा वेगळं. "महाराष्ट्र पॅक" म्हणून जो तयार पॅक मिळायचा तो बनवणाऱ्यानं महाराष्ट्र म्हणजे मराठी अधिक हिंदी एवढंच धरलेलं. आज्जींचा तेलुगू चॅनल त्यात नाही, कारण आज्जी महाराष्ट्रात राहतात हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं. "आंध्रा-तेलंगणा पॅक" घ्यावा तर वहिनींची मराठी जाते. म्हणजे मग दोन्ही घ्या. मी त्या फेब्रुवारीत त्यांच्या घरी वही-पेन घेऊन बसलो होतो, त्यांना काय काय लागतं ते लिहून बेरीज केली तर चारशेच्या वर गेली. जानेवारीपर्यंत अडीचशेत यायचं. निवड दिली म्हणे. निवड म्हणजे आज्जीचा चॅनल ठेवायचा की नातवाचा, असा पंक्तिभेद घरातल्या घरात करायला लावला. शेवटी काय झालं असेल सांगायला नको, म्हातारं माणूसच म्हणतं "माझं राहू दे ओ."

"सुटे चॅनल घ्या की मग, बुके कशाला?" हा प्रश्न मला त्यावेळी एकानं फोनवर विचारला होता. बरोबर आहे, पण सुटे घेतले तर महाग पडतील अशीच सोय केलेली होती. काही बुकेवर सुट्या किंमतीच्या बेरजेपेक्षा सत्तर टक्क्यांपर्यंत सूट होती, हे माझं नाही, ट्रायनंच नंतर म्हटलंय. सुटे तीन चॅनल ५७ ला आणि त्या तिघांसकट नको असलेले पंधरा मिळून त्याच्याही खाली, तर कोण सुटे घेईल. म्हणजे वांगी घ्यायला गेलो तर भाजीवाला म्हणतो पाव किलो वीस रुपये, पण वांगी, कारली, घोसाळी, सडका टोमॅटो मिळून पंधरा. आपण पिशवी उघडतो आणि घरी येऊन कारली फेकतो, आणि भाजीवाला वर सांगतो की सोलापूरच्या लोकांना कारली फार आवडतात, बघा किती खपली. २०२० मध्ये नियम दुरुस्त केले, १३० मध्ये दोनशे चॅनल झाले, दुसऱ्या टीव्हीला नेटवर्क फीच्या चाळीस टक्केच घ्यायचे असं ठरलं, नंतर सूट ४५ टक्क्यांवर बांधली, हे सगळं कबूल. मग २०२४ ला नेटवर्क फीवरची मर्यादाच काढून टाकली. नियम बदलत राहिले, पण कुठल्याही दुरुस्तीत सीमेवरच्या गावांचा, दोन-तीन भाषांच्या घरांचा विषय मला तरी दिसला नाही. आणि सोलापूर काही एकटं नाही, नांदेडकडं तेलुगू आहे, बेळगावला उलटीकडून मराठीचं हेच दुखणं, बघा कुणालाही विचारून.

दुसऱ्या टीव्हीवरून आठवलं. आधी पाच रुपयाचा स्प्लिटर आणून आतल्या खोलीत तार नेली की झालं. आता प्रत्येक टीव्हीला बॉक्स आणि प्रत्येक बॉक्सला रिचार्ज.

केबलवाल्याबद्दल थोडं. माझी सहानुभूती त्याच्याशी आहे म्हणून काहींना राग येईल, कारण तो पण काही साधू नव्हता, आकडे लपवत होता, पावती देत नव्हता, मॅच असली की हमखास त्याचं "वरूनच गेलंय" असायचं. पण त्याला शिवी देता यायची. तो दुसऱ्या दिवशी सायकलवरून दारातूनच जायचा ना. "काय बे, काल फायनलला कुठं गेला होतास" म्हटलं की हसायचा आणि संध्याकाळपर्यंत खांबावर चढलेला दिसायचा. आज त्याचा पोरगा येतो, हातात मोबाईल, त्यात ॲप, आणि तो सांगतो, "काका, इकडून ॲक्टिव्ह दाखवतंय. कंपनीला फोन लावा." कंपनीचा नंबर लावला की एक दाबा, दोन दाबा, ग्राहक क्रमांक टाका, तो बॉक्सच्या खाली बारक्या अक्षरात, बॉक्स उलटा करायला तार काढायची, तार काढली की बॉक्स रीस्टार्ट. कस्टमर केअरची मुलगी बिचारी गोड बोलते, ती कुठल्या शहरात बसलीय देव जाणे, तिला मी साखर पेठ सांगितलं तर ती म्हणाली "सर, साखरपाडा?" बोलता येणारा माणूस जाऊन नंबर आला ह्याची तक्रार फक्त टीव्हीपुरती नाही हे मला कळतं, बँकेत, गॅसला, विजेला सगळीकडं तेच चाललंय, पण टीव्ही ही गरीब घरातली सगळ्यात पहिली वस्तू होती जिच्यावर हा प्रयोग झाला.

आता बॉक्स. ह्या सगळ्यात मला सर्वात संताप येतो तो ह्याचा. २० जानेवारी २०११ पासून देशभरात मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. बल्ब कुठल्याही कंपनीचा आणा, होल्डरला बसतो. शेगडी एका कंपनीची, सिलिंडर दुसऱ्याचा. आणि सेट टॉप बॉक्स मात्र केबल बदलली की भंगार. डिश लावली तर वेगळा, डिशची कंपनी बदलली तर अजून वेगळा. डिशच्या, म्हणजे डीटीएचच्या, परवान्याच्या अटीत लिहिलेलं होतं की बॉक्स दुसऱ्याकडं पण चालला पाहिजे, कागदावर सगळं होतं, प्रत्यक्षात त्यासाठी जे कार्ड-मॉड्यूल लागायचं ते नव्या बॉक्सच्या भावात. एप्रिल २०२० मध्ये ट्रायनं शिफारस केली की देशात सगळे बॉक्स एकमेकांत चालणारे असले पाहिजेत. एप्रिल २०२०! तोपर्यंत चौथा टप्पा होऊन पण तीन वर्षं झालेली, ३१ मार्च २०१७ ला खेड्यापाड्यातलं ॲनालॉग पण बंद झालेलं, घराघरात बॉक्स विकून झालेले. लग्न लागल्यावर पत्रिका बघण्यातला प्रकार. आमच्या माळ्यावर आजच्या घडीला तीन बॉक्स आहेत, तिन्ही चांगले, एकही चालत नाही.

मला कळत नाही असं नाही. कार्ड, सुरक्षा, चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं असतं हे मी वाचलेलं आहे. पण कुलूप वेगळं असलं तरी दाराची चौकट एका मापाची ठेवता येते. ती पहिल्या दिवशी, २०११ ला कायदा करतानाच ठरवायची होती, बॉक्स बाजारात दुकानात मिळायला पाहिजे होता, मिक्सरसारखा, वॉरंटी कार्डसकट, कनेक्शन कुणाचं का असेना. तेव्हा गिऱ्हाईक "मी चाललो दुसरीकडं" असं म्हणू शकलं असतं आणि ते नुसतं म्हणता येणं सुद्धा भाव खाली ठेवायला पुरतं. आता तो हजार-दीड हजाराचा बॉक्स पायात बेडीसारखा, सोडून जावं तर परत तेवढेच पैसे, म्हणून लोक कटकट करत तिथंच राहतात, आणि आकडेवारीत ते समाधानी ग्राहक.

ज्यांना पैसे द्यायचेच नव्हते त्यांचं काय झालं ते बघा. छतावरची अँटेना लावून दूरदर्शन फुकट दिसायचं, त्याचे ॲनालॉग ट्रान्समीटर प्रसार भारतीनं हळूहळू बंद केले, मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून बाकी सगळे. त्याच्या जागी हवेतूनच येणारं डिजिटल आपल्याकडं गावोगावी आलं असतं तर अँटेना तीच राहिली असती, ते झालं नाही, सांगितलं काय तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावा. फ्री डिश चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही, २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, महिन्याचा पैसा नाही, आमच्याकडं विडी घरकुलात, मजुरांच्या वस्त्यांत छपरा-छपरावर दिसते. पण डिश आणि बॉक्स परत विकतच. टीव्हीतच ट्यूनर बसवून मिळाला तर बॉक्स लागणार नाही, ह्याचं मानक भारतीय मानक ब्यूरोनं काढलं ते २०२२ ला. चांगलंच केलं. फक्त दहा वर्षं आधी काढलं असतं तर आज्जींच्या घरात एकच रिमोट असता.

ह्यावर नेहमीचं उत्तर येतं, आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलांकडून तर हमखास, की "टीव्ही बघतंय कोण आता, सगळं मोबाईलवर आहे, स्मार्ट टीव्ही घ्या, वायफाय घ्या." खरंय, माझ्या घरात पण आता जास्त करून तेच आहे. पण हे उत्तर मला "पाव नाही तर केक खा" म्हणणाऱ्या गोष्टीतल्या राणीसारखं वाटतं. ज्याच्या घरी कायमचं इंटरनेट नाही, ज्याचा मोबाईलचा दीड जीबी पोरगा संध्याकाळपर्यंत संपवतो, जिचे दोन्ही हात दिवसभर विडीत गुंतलेत आणि जिला मोबाईलमध्ये टाईप करून काही शोधता येत नाही, तिनं काय बघायचं? शिवाय ॲपवर तर मागचीच सगळी गोष्ट परत चाललीय, प्रत्येक मालिकेचं ॲप वेगळं, प्रत्येकाची वर्गणी वेगळी, पासवर्ड वेगळा, आणि मॅच बघताना शेजारची गल्ली "आउट" म्हणून ओरडते तेव्हा आपल्याकडं बॉलर अजून रनअप घेत असतो. दुसरं उत्तर येतं, टीव्ही काय जीवनावश्यक आहे का. नाही. पण आधी करमणूक कर घेताना, आता जीएसटी अठरा टक्के घेताना सरकारला ती गंभीर गोष्ट वाटते ना, मग तक्रार ऐकताना पण वाटू दे. मागाच्या खटखटीत बारा तास काढून घरी आलेल्या माणसाला आणि दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला दुसरी कुठली करमणूक ह्या गावात परवडते सांगा, नाट्यगृहाचं तिकीट?

मला काय पाहिजे ते अगदी थोडं आहे. बॉक्स कुठंही चालणारा. भाषा निवडून बनवता येणारा छोटा पॅक, ज्यात मराठी दोन, तेलुगू दोन, कन्नड दोन असं घेता येईल आणि तरी बुकेचाच भाव लागेल, राज्याच्या नकाशावरून पॅक बनवायचे बंद. चॅनलचा नंबर बदलायचा तर महिनाभर आधी स्क्रीनवर, त्याच भाषेत. आणि वॉर्डात एक खोली, जिथं बॉक्स घेऊन जाता येईल आणि समोर माणूस बसलेला असेल. ह्यातलं एकही काम असं नाही की ज्याला उपग्रह सोडायला लागेल.

शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, रिचार्ज परत वाढलाय, फ्री डिश लावून टाकू का, एकदाच काय ते पैसे. मी बसून बघितलं. मराठी मिळतंय, हिंदी भरपूर, बातम्या आहेत. तेलुगूत दूरदर्शनचे यादगिरी आणि सप्तगिरी आहेत, पण आज्जींची साडेआठची मालिका ज्या चॅनलवर लागते तो पैशाचा, तो तिथं येणार नाही. तसं सांगितलं. वहिनी आत बघून हळूच म्हणाल्या, "मग नको. अजून एक महिना भरते." रिचार्जचे पैसे त्यांनी माझ्याच फोनवरून मारले, आज्जी आतून विचारत होत्या, काय झालं ओ, आणि वहिनींनी तेलुगूत काहीतरी सांगितलं ते मला कळलं नाही.